परदेशात जाताय? मोबाईलचं नेट, सिम आणि ओटीपीचं गणित घरूनच जमवून निघा

बोदवड : तालुक्यातल्या गावांतून कुणी हज-उमराहला जातं, कुणी आखाती देशात कामाला, कुणी नेपाळला पशुपतिनाथाच्या दर्शनाला, तर कुणी मुलीच्या बाळंतपणासाठी थेट अमेरिकेला. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट यांची धावपळ महिना-दोन महिने आधी सुरू होते. मोबाईलचं मात्र विमानतळावर पोहोचल्यावर आठवतं. मग घाईत महागडा पॅक मारला जातो, नाहीतर तिकडे उतरल्यावर फोनला रेंजच नसते आणि घरचे इकडे काळजीत.

नुकसान दोन प्रकारचं होतं. एक पैशाचं, जे लगेच दिसतं. दुसरं म्हणजे आपला भारतातला नंबर बंद पडण्याचं, जे उशिरा कळतं आणि जास्त महागात पडतं. म्हणून परदेशात नेट कुठलं घ्यायचं हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, भारतातलं सिम चालू कसं ठेवायचं.

आधी भारतातलं सिम सांभाळा

बँक खातं, आधार, यूपीआय, शेतकरी ओळखपत्र, ई-पीक पाहणी, गॅसचं बुकिंग अशी बहुतेक कामं आज एकाच मोबाईल नंबरला बांधलेली आहेत. ओटीपी त्याच नंबरवर येतो. परदेशात गेल्यावर सिम काढून पाकिटात टाकलं, की ही सगळी कामं अडतात.

त्यासाठी दोन गोष्टी लागतात. पहिली, त्या नंबरवर इंटरनॅशनल रोमिंग ही सेवा सुरू असली पाहिजे. ती भारतात असतानाच कंपनीच्या अ‍ॅपमधून किंवा कस्टमर केअरला फोन करून सुरू करून घ्यावी. दुसरी, रिचार्जची वैधता परत येण्याच्या तारखेपुढे किमान आठवडाभर तरी असावी. रोमिंगवर आलेल्या एसएमएसला बहुतेक कंपन्या पैसे लावत नाहीत, त्यामुळे ओटीपी पुकट मिळतो. कॉलचं तसं नाही. तिकडे भारतीय नंबरवर आलेला कॉल उचलला तरी पैसे कापले जाऊ शकतात.

बीएसएनएलचं सिम असणाऱ्यांनी आपण जातोय त्या देशात रोमिंग मिळतं का, हे आधी विचारून घ्यावं. सगळीकडे मिळेलच असं धरून चालू नये.

नेटसाठी पर्याय कोणते?

१) भारतीय कंपनीचा रोमिंग पॅक : सिम बदलायची गरज नाही, नंबर तोच राहतो. वयस्कर माणसांना सगळ्यात सोपं. पण जास्त दिवसांसाठी महाग पडतं. पॅक घेताना तीन गोष्टी वाचाव्यात. आपला देश यादीत आहे का, रोज किती नेट मिळणार, आणि पॅकचे दिवस कधीपासून मोजणार. काही पॅक रिचार्ज केल्याबरोबर सुरू होतात, काही तिकडच्या नेटवर्कला जोडल्यावर.

२) त्या देशातलं सिम : पंधरा दिवसांपेक्षा जास्त मुक्काम असेल तर साधारण हेच स्वस्त पडतं. पासपोर्ट दाखवून विमानतळावर किंवा कंपनीच्या दुकानात मिळतं. विमानतळापेक्षा गावातल्या दुकानात बऱ्याचदा जास्त पॅक बघायला मिळतात.

३) ई-सिम : यात सिमचं कार्ड नसतं. क्यूआर कोड स्कॅन केला की सिम फोनमध्ये बसतं. पण प्रत्येक फोनमध्ये ही सोय नसते, स्वस्त फोनमध्ये तर बहुतेक नसतेच. आपल्या फोनवर *#०६# डायल करावं. आयएमईआय नंबरासोबत ईआयडी असा लांबलचक नंबर दिसला तर फोनला ई-सिम चालतं. मात्र भारतात परदेशी सिम किंवा ई-सिम विकायला दूरसंचार विभागाची परवानगी लागते. ती नसल्यामुळे जानेवारी २०२४ मध्ये एअरालो आणि होलाफ्लाय ही परदेशी ई-सिम विकणारी अ‍ॅप भारतात बंद करण्याचे आदेश निघाले होते. त्यामुळे ऑनलाइन जाहिरात दिसली म्हणून लगेच पैसे भरू नयेत.

४) फक्त वायफाय : हॉटेल, विमानतळ किंवा नातेवाइकांच्या घरी वायफाय मिळतं. घरातच राहायचं असेल तर चालून जातं. पण रस्त्यात चुकामूक झाली तर उपयोग शून्य. फुकटच्या सार्वजनिक वायफायवर बँकेचं अ‍ॅप उघडू नये.

किती दिवसांसाठी काय घ्यावं?

• एक आठवड्यापर्यंत : भारतीय कंपनीचा रोमिंग पॅक.

• पंधरा दिवस ते तीन महिने : तिकडचं सिम नेटसाठी, भारतीय सिम फक्त ओटीपीसाठी. दोन्ही एकाच फोनमध्ये.

• एक-दोन वर्षं (नोकरी, शिक्षण) : तिकडचं कायमचं सिम आणि भारतीय नंबरवर वर्षभराचा कॉल-एसएमएस पॅक.

आठवडा ते पंधरा दिवसांच्या मधल्या सहलीला दोन्हींचे दर ताडून पाहावेत. दर सारखे बदलतात, म्हणून शेजाऱ्याने गेल्या वर्षी सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नये. निघायच्या आठवड्यात कंपनीच्या अ‍ॅपमध्ये स्वतः बघावं.

दोन सिम टाकण्याआधी फोनचा ट्रे तपासा. काही फोनमध्ये दुसऱ्या सिमच्याच जागी मेमरी कार्ड बसतं. तसं असेल तर कार्डातले फोटो आधीच दुसरीकडे उतरवून ठेवा.

नेट किती लागतं?

व्हॉट्सअ‍ॅपच्या साध्या कॉलला मिनिटाला सुमारे १ एमबीपर्यंत नेट लागतं. व्हिडिओ कॉलला मिनिटाला सुमारे ५ एमबी धरावं. रोज २० मिनिटं नातवंडांशी व्हिडिओ कॉल केला तर दिवसाला १०० एमबी होतात. चाळीस दिवसांच्या मुक्कामाला एकूण ४ जीबी. म्हणजे घरच्यांशी बोलणं हा मोठा खर्च नाही. नेट खातात ते यूट्यूब, रील्स आणि ग्रुपवर आपोआप डाऊनलोड होणारे व्हिडिओ. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ऑटो-डाऊनलोड बंद करा. फोटोंचा बॅकअप आणि अ‍ॅपचे अपडेट फक्त वायफायवर ठेवा.

पॅक न घेता डेटा रोमिंग सुरू राहिलं तर एमबीच्या हिशेबाने पैसे लागतात. एका एमबीला १ रुपया धरला तरी १ जीबीचे १,०२४ रुपये होतात, आणि पॅकशिवायचे दर बऱ्याच देशांत याहून जास्त असतात. प्रीपेडवाल्याची शिल्लक संपली की नेट थांबतं. पोस्टपेडवाल्याचं बिल मात्र वाढत जातं. म्हणून फोनमध्ये भारतीय सिमचं ‘डेटा रोमिंग’ बंद आणि तिकडच्या सिमचं मोबाईल डेटा चालू, असं ठेवावं. डेटा रोमिंग बंद असलं तरी ओटीपीचे एसएमएस येतात.

विमानात बसल्यावर एअरप्लेन मोड लावायला विसरू नका. काही विमानांत आकाशातलं नेटवर्क असतं, त्याचे दर वेगळे असतात आणि साध्या पॅकमध्ये ते धरलेलं नसतं.

कुठल्या देशात काय लक्षात ठेवायचं?

सौदी अरेबिया (हज-उमराह) : एसटीसी, मोबाईली आणि झैन या तिथल्या मोठ्या कंपन्या. सिमसाठी पासपोर्टसोबत बोटाचा ठसा द्यावा लागतो. शेतीकामाने ठसे झिजलेले असतील तर मशीन ओळखत नाही. अशा वेळी कंपनीच्या मोठ्या काउंटरवर जावं, पण अनोळखी माणसाच्या नावावरचं सिम घेऊ नये. एका सिमसाठी ठसा परत परत मागितला तर कारण विचारावं, कारण आपल्या नावावर दुसरी सिमही निघू शकतात. मदिनेत रौजा शरीफच्या भेटीची वेळ नुसुक अ‍ॅपवरून घ्यावी लागते, त्यामुळे नेट गरजेचंच आहे. हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांनी ‘हज सुविधा’ अ‍ॅप घरूनच फोनमध्ये घ्यावं. नवरा-बायकोत एकच सिम आणि हॉटस्पॉटवर भागवण्याचा मोह होतो. मिना-अराफातच्या गर्दीत दोघं वेगळे झाले तर दुसऱ्याचा फोन निकामी होतो. प्रत्येकाकडे स्वतःचं सिम असावं.

दुबई, अबुधाबी : इथे व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जातात, पण कॉल आणि व्हिडिओ कॉलवर निर्बंध आहेत. बोटिमसारखी परवानगी असलेली अ‍ॅप वापरावी लागतात. ते अ‍ॅप गावाकडच्या घरच्यांच्या फोनमध्येही आधीच टाकून शिकवून ठेवा. बंदी चुकवायला व्हीपीएन वापरण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. व्हीपीएनचा गैरवापर तिथे गुन्हा आहे आणि दंड पाच लाख दिरहमपासून सुरू होतो.

नेपाळ : व्हिसा लागत नाही म्हणून मोबाईलही चालेल, असा अनेकांचा समज असतो. सोनौली किंवा रक्सौलची सीमा ओलांडली की नेपाळ हा मोबाईलच्या दृष्टीने परदेशच. नेपाळ टेलिकॉम किंवा एनसेलचं सिम ओळखपत्र दाखवून मिळतं. मार्च २०२४ पासून नेपाळमधल्या दुकानांत फोनपे कंपनीच्या जाळ्यातल्या क्यूआरवर भारतीय यूपीआयने पैसे देता येतात. हे नेपाळचं फोनपे, आपल्याकडच्या फोनपेपेक्षा वेगळं. यूपीआय अ‍ॅपमध्ये ‘इंटरनॅशनल’ हा पर्याय मात्र आधी सुरू करावा लागतो.

अमेरिका : तिथल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये ३जी बंद केलं. फोनला ४जीवरून कॉल करण्याची सोय, म्हणजे व्होल्टे, लागते. भारतातला प्रत्येक फोन तिथल्या प्रत्येक कंपनीवर चालत नाही. निघण्याआधी फोनचा मॉडेल नंबर मुलाला किंवा मुलीला पाठवा, ते तिथे तपासून सांगतील. त्यांच्या फॅमिली प्लॅनमध्ये आई-वडिलांचं सिम जोडता येत असेल तर वेगळं घेण्यापेक्षा बऱ्याचदा तेच बरं पडतं.

वर्षा-दोन वर्षांसाठी जाणाऱ्यांनी हे वाचाच

सलग ९० दिवस प्रीपेड नंबरवरून कॉल, एसएमएस, नेट असा काहीच वापर झाला नाही तर कंपनी तो बंद करू शकते. शिल्लक २० रुपये किंवा जास्त असेल तर ते कापून नंबर राखण्याची सोय ट्रायच्या २०१३ च्या नियमात आहे. पण त्याने नंबर फक्त आपल्या नावावर राहतो. वैधता संपल्यावर ओटीपी येईलच असं नाही.

बंद पडलेला नंबर किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. म्हणजे बँकेला जोडलेला आपला नंबर उद्या तिसऱ्याच माणसाच्या खिशात असू शकतो आणि आपल्या खात्याचे मेसेज त्याला जाऊ शकतात. सातबारा आणि खातं कमावत्या मुलाच्या नावावर, मुलगा आखातात आणि नंबर बंद, अशी वेळ आली तर घरच्यांची बँकेची आणि अनुदानाची कामं अडतात.

यावर उपाय आहे. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलून नेट नसलेले, फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक देणं कंपन्यांना बंधनकारक केलं. पॅकची कमाल मुदतही ९० वरून ३६५ दिवसांवर नेली. असा वर्षभराचा पॅक मारला की वर्षाची चिंता मिटते. घरातल्या एकाने रिचार्जची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

अनिवासी म्हणजे एनआरई किंवा एनआरओ खातं असेल तर परदेशी नंबरवरही यूपीआय चालवता येतं. जानेवारी २०२३ मध्ये सौदी, यूएई, कतार, ओमान, अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर आणि हाँगकाँग अशा दहा ठिकाणच्या नंबरांना ही मुभा मिळाली. आपली बँक ती देते का, हे शाखेत विचारावं.

व्हॉट्सअ‍ॅपचंही ध्यानात ठेवा. नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने अशा अ‍ॅपना निर्देश दिले, की ज्या सिमवर खातं उघडलं ते सिम फोनमध्ये असल्याशिवाय अ‍ॅप चालू नये. भारतीय सिम फोनमध्येच ठेवण्याचं हे आणखी एक कारण. तिकडचं सिम टाकल्यावर व्हॉट्सअ‍ॅपने नंबर बदलायचा का विचारलं तर ‘नाही’ म्हणा, जुनाच नंबर चालू राहील.

निघण्याआधी घरीच करायची कामं

• इंटरनॅशनल रोमिंग सुरू झाल्याचा मेसेज आला का, ते बघा.

• सगळे नंबर +९१ लावून सेव्ह करा. नुसता दहा आकडी नंबर तिकडच्या सिमवरून लागत नाही.

• यूपीआय आणि बँकेचं अ‍ॅप भारतातच सुरू करून एक व्यवहार करून बघा. परदेशात नव्याने नोंदणी करताना अडचण येते.

• जायच्या शहराचा गुगल मॅप ऑफलाइन डाऊनलोड करा.

• पासपोर्ट-व्हिसाचे फोटो, हॉटेलचा पत्ता आणि दोन महत्त्वाचे नंबर कागदावरही लिहून घ्या. बॅटरी संपली की कागदच कामाला येतो.

• भारतीय सिम काढावं लागलंच तर ते हरवू नका. परदेशात बसून डुप्लिकेट सिम मिळवणं कठीण.

फसवणुकीपासून सावध

घरच्यांना आधीच सांगून ठेवा : ‘तुमचा माणूस विमानतळावर अडकलाय, पैसे पाठवा’ असा फोन आला तर आधी त्याच्या नेहमीच्या नंबरवर बोलून खात्री करायची. ओटीपी कुणालाच सांगायचा नाही. ‘हे सिम तिकडे नेऊन द्या’ असं कुणी म्हटलं तर साफ नकार द्या. भारतीय सिम बाहेर नेऊन ती सायबर फसवणुकीला वापरल्याचे प्रकार उघडकीस आले आहेत, आणि चौकशी सिम ज्याच्या नावावर त्याची होते. पैसे गेलेच तर उशीर न करता १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करावी.

परदेशी सिम बदलत राहतील, पॅक संपतील, नवे मिळतील. बँकेला आणि आधारला जोडलेला भारतातला नंबर मात्र एकदा गेला की परत मिळेलच याची खात्री नाही. त्याचा रिचार्ज करूनच घराबाहेर पडा.