थ्रॉटल प्रतिसाद : टर्बो आणि टर्बोविना इंजिने

थ्रॉटल प्रतिसाद म्हणजे चालकाने एक्सलरेटर दाबल्यापासून इंजिनाचा टॉर्क त्या मानाने वाढेपर्यंत जाणारा वेळ. ही वाढ पायाच्या हालचालीला कितपत धरून होते, हेही त्यात येते. गॅरेजात या सगळ्याला सरसकट ‘पिकअप’ म्हणतात. पण पिकअप म्हणजे गाडी किती जोरात सुटते ते. प्रतिसाद म्हणजे पाय हलल्याबरोबर ती ऐकते की नाही ते. शंभराचा वेग गाठायला सहा सेकंद घेणारी गाडी चार सेकंदवाल्या गाडीपेक्षा पायाला चटकन उत्तर देऊ शकते. स्पोर्ट्स कारमध्ये या गुणाला मोठी किंमत आहे, कारण वळणाच्या मध्यावर चालक स्टिअरिंगइतकाच पायानेही गाडी वळवत असतो.

हौशी मंडळी ज्याला ‘एनए’ म्हणतात त्या टर्बोविना इंजिनात मामला सरळ असतो. थ्रॉटलची झडप उघडली की बाहेरचा वायुदाब हवेला इनटेक मॅनिफोल्डमध्ये ढकलतो. मॅनिफोल्ड भरला की पुढच्या सेवन-धावेत सिलिंडरला जास्त हवा मिळते. चार सिलिंडरच्या चतुर्धाव इंजिनात ३००० आरपीएमला दर १० मिलिसेकंदांनी कोणता तरी एक सिलिंडर हवा ओढत असतो, म्हणून विलंब शतांश सेकंदांत मोजावा लागतो. तोही आणखी कमी करायचा तर झडप सिलिंडरच्या तोंडाशी न्यायची. बीएमडब्ल्यूने २००७ च्या एम३ मध्ये आठ सिलिंडरना आठ स्वतंत्र झडपा दिल्या होत्या त्या यासाठीच. हलके फ्लायव्हील आणि हलके पिस्टन यांचाही वाटा असतो. लेक्सस एलएफएचे व्ही-१० इंजिन रिकाम्या गिअरमध्ये आयडलवरून ९००० आरपीएमला ०.६ सेकंदात पोहोचत असे. काट्याला तो वेग झेपेना, म्हणून त्या गाडीला पडद्यावरचा डिजिटल टॅकोमीटर बसवावा लागला.

टर्बो इंजिनात एक जादा फेरा पडतो. झडप उघडते, थोडी हवा जाते, थोडे जास्त इंधन जळते, एक्झॉस्टचा जोर वाढतो, त्यावर टर्बाइन फिरते, त्याच्याच दांड्यावरचा कॉम्प्रेसर हवा दाबतो आणि मग कुठे सिलिंडरला मनाजोगती हवा मिळते. लहान पेट्रोल गाड्यांच्या टर्बोचा दांडा पूर्ण दाबाला मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या घरात फिरतो. पाय उचलल्यावर त्याचा वेग पडतो आणि पुन्हा दाबल्यावर तो पहिल्यापासून कमवावा लागतो. शिवाय कॉम्प्रेसरपासून हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरमार्गे इंजिनापर्यंतची सगळी नळी दाबाने भरावी लागते ती वेगळीच. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने एक्झॉस्टच्या जोरावर हवा भरण्याचे पेटंट १९०५ साली घेतले. या फेऱ्यातून सुटायची धडपड तेव्हापासून चालू आहे.

इथे दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. पाचव्या गिअरमध्ये १२०० आरपीएमला कितीही पाय दाबला तरी गाडी ढिम्म राहते, तो टर्बो लॅग नव्हे. त्या आरपीएमला टर्बाइन फिरवण्याइतका एक्झॉस्टच नसतो. याला बूस्टची उंबरठा-मर्यादा म्हणावे. पुरेसे आरपीएम असताना, समजा ३००० ला, पाय उचलून पुन्हा दाबला आणि जोर यायला क्षणभर लागला, तर तो खरा लॅग. पहिल्यावर उपाय चालकाच्या हातात आहे : गिअर कमी करा. दुसऱ्यावरचा उपाय कारखान्यातच व्हावा लागतो.

दोन्ही प्रकार शेजारी ठेवून पाहण्याची उत्तम सोय महाराष्ट्रातल्याच एका कारखान्याने करून दिली होती. फोक्सवॅगनच्या चाकण प्रकल्पात तयार झालेली पोलो २०१० मध्ये बाजारात आली. तिची १.६ लिटरची टर्बोविना आवृत्ती १०५ पीएस देई आणि तिचा कमाल टॉर्क होता १५३ न्यूटन-मीटर, ३८०० आरपीएमला. २०१३ मध्ये त्याच अंगाची पोलो जीटी टीएसआय आली : इंजिन १.२ लिटर, वर टर्बो, ताकद पुन्हा १०५ पीएसच. पण टॉर्क १७५ न्यूटन-मीटर आणि तोही १५०० आरपीएमपासून. गाडी तीच, ताकद तीच, स्वभाव मात्र दोन. १.६ मध्ये पाय जितका दाबावा तितकेच मिळायचे, ना कमी ना जास्त. पुढे जायचे तर गिअर खाली टाकून इंजिन चढवावे लागायचे. टीएसआय अर्ध्या पायातच भरपूर देऊन टाकायची, पण मागितल्यानंतर किंचित थांबून. तुलना अगदी निखळ नाही, कारण १.६ ला हाताचा पाच गिअरचा बॉक्स होता आणि टीएसआयला सात गिअरचा दोन-क्लचवाला डीएसजी. गाडी रांगत असताना पाय दाबल्यावर जो हिसका आणि खोळंबा जाणवे, त्यातला बराचसा क्लच लागण्याचा होता; शिव्या मात्र टर्बोला पडायच्या. गिअर ‘एस’वर टाकला की बॉक्स आरपीएम वर धरून ठेवी आणि निम्मी तक्रार तिथेच मिटे.

याच्या उलट टोकाची गाडी पुणे जिल्ह्यातच रांजणगावला तयार झाली. २०१५ ची फियाट अबार्थ पुंटो : १.४ लिटर टी-जेट, १४५ बीएचपी, २१२ न्यूटन-मीटर. खाली शांत, मग एकदम लाट. हौशी लोकांना ती आवडली ती या लाटेसाठी, आणि त्यात गैर काही नाही. पण तिच्या प्रतिसादाला नेमका म्हणता येणार नाही.

नांदेड जिल्ह्यातल्या इस्लापूरच्या बाजूला टर्बोची ओळख स्पोर्ट्स कारमधून झालेली नाही, काळी-पिवळी जीप आणि मालवाहू डिझेल पिकअपमधून झाली आहे. डिझेलमध्ये हवा झडपेने अडवून ताकद आवरत नाहीत, इंधनाचे प्रमाण कमी-जास्त करतात. पण टर्बोचा फेरा तिथेही तोच. भोकर–हिमायतनगर–इस्लापूर–किनवट या रस्त्यावर पुढे कापसाने फुगलेला टेम्पो असेल, तर मुरलेला जीपवाला आधी गिअर कमी करतो, आरपीएम चढू देतो आणि समोरचा रस्ता मोकळा झाला की मगच बाहेर काढतो. टर्बो आधी जागा करायचा, हा धडा त्याला कुणी दिलेला नसतो. हिशेब साधा आहे : ताशी ६० किलोमीटरला एका सेकंदात गाडी जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. अर्ध्या सेकंदाचा लॅग म्हणजे उलट्या बाजूच्या रस्त्यावर फुकट गेलेले आठ मीटर. अशा रस्त्यावर खालच्या आरपीएमचा टॉर्क कामाचा, यात वाद नाही. माहूरगडाच्या चढावर तर भरल्या गाडीला एनए इंजिन सारखे गिअर बदलायला लावते.

हवामानाचाही हात असतो. मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हा हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ६ टक्के विरळ असते. एनए इंजिनाची ताकद जवळपास तेवढीच उतरते, प्रतिसादाची तडफ मात्र टिकते. टर्बो जादा दाब देऊन तूट भरू शकतो; पण हवा दाबली की तापते, रांगत्या वाहतुकीत इंटरकूलरही तापून बसतो, आणि इंजिन ठोकू नये म्हणून संगणक ठिणगी मागे घेतो. मग चालकाला वाटते, गाडीचा दम गेला. उंचीचे गणित टर्बोच्या बाजूने आहे. महाबळेश्वरला हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण आठव्या हिश्श्याने विरळ, तिथे एनए गाडी दमते आणि टर्बो गाडी फारसे जाणवू देत नाही.

स्पोर्ट्स कारच्या जगात टर्बोची बदनामी केली ती १९७५ च्या पोर्शे ९११ टर्बोने. तीन लिटर, २६० पीएस, एकच मोठा टर्बो. वळणात पाय दाबावा तर काही नाही. चालक आणखी दाबतो, आणि गाडी अजून वळणातच असताना सगळा जोर मागच्या चाकांवर एकदम येतो. धोका विलंबात कमी आणि बेप्रमाण येण्यात जास्त होता. त्यानंतरचे बहुतेक उपाय या दोन दुखण्यांवरचे आहेत : एका मोठ्याऐवजी दोन लहान टर्बो, सिलिंडरांचे एक्झॉस्ट वेगळे ठेवणारे ट्विन-स्क्रोल, पाती वळवून टर्बाइनची वाट अरुंद-रुंद करणारा टर्बो. हा शेवटचा डिझेलमध्ये जुना. पेट्रोलच्या उष्णतेला टिकेल असा बनवून पोर्शेने तो २००६ मध्ये ९११ टर्बोला लावला. फोक्सवॅगनने लहान टीएसआय इंजिनांत पाण्याने थंड होणारा इंटरकूलर मॅनिफोल्डमध्येच बसवला, म्हणजे दाबाने भरायची नळीच आखूड झाली.

फेरारीचे उदाहरण सर्वांत बोलके. ४५८ इटालियाचे ४.५ लिटर एनए इंजिन ५७० पीएस देत असे, तेही ९००० आरपीएमला. टॉर्क ५४० न्यूटन-मीटर. २०१५ च्या ४८८ जीटीबीत ३.९ लिटर, दोन टर्बो, ६७० पीएस आणि ७६० न्यूटन-मीटर ३००० आरपीएमलाच. पण हा पूर्ण टॉर्क फक्त सातव्या गिअरमध्ये मिळतो. खालच्या गिअरमध्ये संगणक तो मुद्दाम आवरतो आणि आरपीएमबरोबर चढता ठेवतो, म्हणजे चालकाला इंजिन एनएसारखे वाटावे. टर्बो बसवायचा आणि मग तो नसल्याचा भास निर्माण करायला अभियंते कामाला लावायचे, हे जरा गमतीचे आहे. पण एनएच्या प्रतिसादाला याहून मोठे प्रमाणपत्र कुणी दिलेले नाही.

आजच्या गाड्यांत पाय आणि झडप यांच्यात तार उरलेली नाही. पेडलचा सेन्सर संगणकाला कळवतो, संगणक झडप उघडतो. त्यामुळे ‘स्पोर्ट’ मोडमध्ये थोड्या पायाला झडप जास्त उघडून गाडी चपळ भासवता येते. बाजारात पेडलच्या वायरीत बसवायची काही हजारांची डबी मिळते, ती इतकेच करते. टर्बोचा दांडा तिच्याने एक फेराही लवकर फिरत नाही. जो पाय निम्मा दाबावा लागे तो पाव दाबावा लागतो, आणि पावसात सावकाश निघणे अवघड होते.

विजेची मदत हा मात्र खरा बदल. ऑडीने २०१६ च्या एसक्यू७ मध्ये विजेवर चालणारा कॉम्प्रेसर दिला, तो एक्झॉस्टची वाट पाहत नाही. मर्सिडीज-एएमजीने २०२२ पासून टर्बोच्या दांड्यावरच मोटार बसवली. पोर्शेच्या २०२४ च्या ९११ जीटीएस हायब्रिडमध्ये दोन टर्बोंऐवजी असा एकच विद्युत टर्बो आला आणि गिअरबॉक्समधली मोटारही पहिल्या क्षणाचा टॉर्क भरून काढते. त्याच कंपनीची ९११ जीटी३ मात्र ४ लिटरचे, ९००० आरपीएमपर्यंत चढणारे टर्बोविना इंजिन घेऊनच विकली जाते.