भौतिकशास्त्राच्या पदवीत भौतिकशास्त्र किती?

बंगळूरचा सर्जापूर रोड बहुतेकांना माहीत असतो तो वाहतुकीच्या कोंडीमुळे आणि दोड्डकन्नेल्ली येथील विप्रोच्या मुख्यालयामुळे. याच रस्त्याने पुढे गेल्यावर बुरुगुंटे गावाजवळ अझीम प्रेमजी विद्यापीठाचा परिसर लागतो. २०१० च्या राज्य कायद्याने स्थापन झालेल्या या विद्यापीठात २०१५ पासून पदवीचे वर्ग सुरू झाले. भौतिकशास्त्र हा तेथील आरंभीच्या विषयांपैकी एक. मात्र या पदवीसाठी केवळ भौतिकशास्त्र पुरत नाही. भारतीय समाजाची ओळख करून देणारे, तर्कशुद्ध लेखन-विचार शिकवणारे आणि विद्याशाखांच्या सीमा ओलांडणारे अभ्यासही विद्यार्थ्याला पूर्ण करावे लागतात.

ज्यांच्या नावाचे हे विद्यापीठ आहे, त्यांनाही पदवीच्या अटींनी दीर्घकाळ वाट पाहायला लावली होती. १९६६ साली वडिलांचे निधन झाले तेव्हा अझीम प्रेमजी स्टॅनफर्डमध्ये अभियांत्रिकी शिकत होते. वय अवघे एकवीस. शिक्षण अर्धवट टाकून ते परतले आणि जळगाव जिल्ह्यातील अमळनेरच्या वनस्पती तुपाच्या कारखान्याची धुरा त्यांनी हाती घेतली. कारखाना वाढला, कंपनी संगणकांकडे वळली, तरी विद्यापीठाच्या दप्तरी त्यांचा हिशेब अपूर्णच होता. उरलेला अभ्यास पूर्ण करून पदवी हाती पडायला सुमारे तीन दशके लागली.

पदवीसाठी काय सक्तीचे असावे, हा प्रश्न भारतात निदान विद्यापीठांइतका जुना आहे आणि त्याचे उत्तर वारंवार बदललेले आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९०४ साली मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून भौतिकशास्त्राचे सुवर्णपदक मिळवले, पण हाती आलेली पदवी होती बी.ए. सत्येंद्रनाथ बोस आणि मेघनाद साहा यांचे उदाहरण अधिक विलक्षण आहे. दोघांचीही १९१५ ची एम.एस्सी. गणितातली. पुढच्याच एक-दोन वर्षांत कोलकात्याच्या नव्या विज्ञान महाविद्यालयात त्यांच्यावर पदव्युत्तर भौतिकशास्त्र शिकवण्याची जबाबदारी आली. आपण जे कधी वर्गात शिकलोच नाही, ते जर्मन ग्रंथ मिळवून वाचायचे आणि विद्यार्थ्यांना शिकवायचे, असा तो काळ होता. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेवरील निबंधांचा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९२० साली कोलकाता विद्यापीठाने प्रसिद्ध केला. आजच्या पात्रतेच्या निकषांवर या दोघांना पदव्युत्तर भौतिकशास्त्राच्या वर्गावर उभेही राहू दिले गेले नसते.

मुंबई विद्यापीठाने या प्रश्नाला दिलेले एक उत्तर कमला भागवत, म्हणजेच पुढच्या कमला सोहोनी, यांच्या पदवीत पाहायला मिळते. १९३३ साली त्या बी.एस्सी. झाल्या. मुख्य विषय रसायनशास्त्र, दुय्यम विषय भौतिकशास्त्र. एका विषयात खोल उतरायचे आणि दुसऱ्याचा भक्कम आधार घ्यायचा, अशी ती रचना होती. आज ‘मेजर-मायनर’ ही नवी कल्पना म्हणून मांडली जाते, तेव्हा लेखिका दुर्गा भागवत यांच्या या भगिनीचे प्रमाणपत्र आठवावे.

गुणवत्तेत अग्रभागी असलेल्या कमलाबाईंनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. वडील आणि काका दोघेही तेथेच शिकलेले. संचालक रामन यांनी स्त्री असल्याच्या कारणावरून प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर एका वर्षाच्या परीक्षाकाळाच्या अटीवर त्यांना घेण्यात आले. कागदावरची प्रत्येक अट त्यांनी पूर्ण केली होती. जी आडवी आली, ती कोणत्याही अभ्यासक्रमात लिहिलेली नव्हती. पुढे १९३९ साली केंब्रिजने त्यांना पीएच.डी. दिली.

स्वातंत्र्यानंतर राधाकृष्णन आयोगाने आणि मग कोठारी आयोगाने (१९६४–६६) पदवीच्या कालावधीचा विचार केला. दौलतसिंह कोठारी स्वतः भौतिकशास्त्रज्ञ, साहांचे विद्यार्थी. १०+२+३ ही घडी त्यांच्या आयोगाच्या शिफारशींतून देशभर रूढ झाली. कालावधी सारखा झाला, आतला आशय मात्र प्रांतोप्रांती निराळाच राहिला. पुण्यात पहिल्या वर्षी चार विज्ञान विषय घेऊन तिसऱ्या वर्षी एकावर यायचे. बंगळूरमध्ये भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे त्रिकूट समान तोलाने चालायचे. दिल्लीत ‘ऑनर्स’ म्हणजे पहिल्या दिवसापासून भौतिकशास्त्रच.

बंगळूरच्या त्रिकुटाला बरेच जण उथळ म्हणत आले. हा आक्षेप अर्धाच खरा आहे. भौतिकशास्त्र हा जिन्यासारखा विषय आहे. अवकल समीकरणे आणि सदिश कलनशास्त्र यांवाचून विद्युतचुंबकी सिद्धांत समजत नाही आणि रेषीय बीजगणितावाचून पुंजयामिकी केवळ पाठ करावी लागते. त्रिकुटातल्या विद्यार्थ्याला भौतिकशास्त्र कमी मिळे, पण गणित भरपूर मिळे. कोणी मुद्दाम न योजताही पूर्वतयारीची अट आपोआप पाळली जाई. उलट, दुय्यम विषय मुक्तपणे निवडू दिला, तर ही पायरी निसटण्याचा धोका असतो आणि तो साधारणतः तिसऱ्या-चौथ्या सत्रात उघड होतो. तोवर उशीर झालेला असतो.

आकड्यांतूनही हा बदल दिसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या निवड-आधारित श्रेयांक पद्धतीत तीन वर्षांच्या ऑनर्स पदवीला १४० श्रेयांक होते. भौतिकशास्त्राच्या १४ गाभा-पत्रिका, प्रत्येकी ६ श्रेयांकांच्या, म्हणजे ८४; त्यावर विषयाशी निगडित ऐच्छिकांचे २४. एकूण १०८, म्हणजे सुमारे ७७ टक्के. डिसेंबर २०२२ च्या नव्या चौकटीत चार वर्षांचे १६० श्रेयांक आहेत आणि त्यांतील मुख्य विषयाचे किमान प्रमाण ८०, म्हणजे निम्मे. संशोधनाची वाट धरणाऱ्याचे प्रकल्पाचे १२ धरले तरी ९२. वर्ष एक वाढले आणि विषयाची किमान सक्ती घटली. विद्यापीठे या किमानाच्या वर जाऊ शकतात, हे खरे. पण शिक्षक अपुरे आणि प्रयोगशाळा जुनाट असतील, तेथे किमान हेच कमाल होऊन बसते. प्रयोगाच्या एका श्रेयांकासाठी सत्रात ३० तास द्यावे लागतात. काटकसर करायची झाली की पहिली नजर त्यांच्यावर जाते.

सर्वसमावेशक पदवीला मुळातच विरोध करण्याचे कारण नाही. भारतीय विज्ञान संस्थेने २०११ मध्ये चार वर्षांची पदवी सुरू केली. तेथे पहिली तीन सत्रे सर्वांना भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, जीवशास्त्र, अभियांत्रिकी आणि मानव्यविद्या शिकावी लागतात. हार्वर्डमध्ये दामोदर धर्मानंद कोसंबी यांना गणितज्ञ बर्कहॉफ गणितावरच लक्ष द्यायला सांगत होते. त्यांनी ऐकले नाही, नाना विषय घेतले आणि १९२९ साली सर्वोच्च सन्मानासह पदवी मिळवली. पण कोसंबी हा नियम नव्हे.

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा मसुदा तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष के. कस्तुरीरंगन हेही भौतिकशास्त्राचे, माटुंग्याच्या रुईया महाविद्यालयात आणि मुंबई विद्यापीठात शिकलेले. २०२० साली धोरण मंजूर झाले आणि ते सर्वप्रथम राबवणारे राज्य ठरले कर्नाटक, २०२१ मध्ये. पुढे सरकार बदलले. राज्याच्या स्वतंत्र शिक्षण धोरणासाठी सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. थोरात मूळचे अमरावती जिल्ह्यातले, विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष. आयोगाच्या अंतरिम अहवालानंतर मे २०२४ मध्ये कर्नाटकाने चार वर्षांची पदवी मागे घेऊन तीन वर्षे आणि तीन प्रमुख विषय ही जुनी वाट पुन्हा धरली. त्याच वर्षी महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत चार वर्षांची मुख्य-दुय्यम रचना सुरू झाली.

म्हणजे २०२४ च्या जूनमध्ये बेळगावच्या विज्ञान महाविद्यालयात प्रवेश घेतलेली मुलगी तीन विषयांची तीन वर्षांची पदवी घेणार आणि सुमारे शंभर किलोमीटरवर कोल्हापुरात शिकणारी तिची मामेबहीण एका मुख्य विषयाची, चार वर्षांपर्यंत चालणारी. सर्जापूर रोडवरच्या खासगी विद्यापीठाचा ऑनर्स अभ्यासक्रमही चार वर्षांचा. तिन्ही ठिकाणी पदवी भौतिकशास्त्राची बी.एस्सी.च. अनुदान आयोगाच्या २०२४ च्या चौकटीनुसार चार वर्षे पूर्ण केलेल्यांना एम.एस्सी. एका वर्षात करता येते. बेळगावच्या मुलीला त्यासाठी दोन वर्षे लागतील.