तळटीप : सिकलसेल आणि हिवताप

३. सिकलसेल : हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते, मूळ बदल एवढाच. असे जनुक आई आणि वडील दोघांकडून आले, तर प्राणवायू कमी पडताच तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. सांधे, पाठ असह्य ठणकतात, रक्तक्षय जडतो. एकाकडूनच आले, तर माणूस सहसा धडधाकट असतो. शिवाय फाल्सिपेरम हिवतापाचा जीवघेणा तडाखा त्याला कमी बसतो. पूर्व आफ्रिकेतल्या मुलांचे रक्त तपासून अँथनी अ‍ॅलिसन यांनी हे १९५४ साली दाखवले. हिवताप पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून होता, तिथे हे जनुक टिकले ते यामुळे. आपल्याकडे गडचिरोली, नंदुरबार हे त्याचे ठळक पट्टे. लेखकाने याला सरसकट ‘आदिवासींचा आजार’ म्हटले आहे, ते पटण्यासारखे नाही : विदर्भात तो इतर समाजांतही आहे, आणि ग्रीस, अरबस्तानातही. वाहकाला हिवताप होतच नाही, असे मात्र नव्हे. रक्तात परजीवी सापडतात, पण दुखणे मेंदूपर्यंत जाण्याची वेळ क्वचित येते. — संपा.