‘माग काढू नका’ : एका फसलेल्या मानकाचा इतिहास

१/ एखाद्या संकेतस्थळावर चपलांचा जोड पाहावा आणि पुढचे आठ दिवस बातम्यांपासून हवामानाच्या अंदाजापर्यंत प्रत्येक पानावर त्याच चपलांची जाहिरात दिसावी, हा अनुभव आता कोणालाही नवा नाही. हा पाठलाग थांबवण्यासाठी ब्राउझर कंपन्या, जाहिरातदार, संशोधक आणि ग्राहक संघटना एकदा एकत्र बसल्या होत्या. त्या प्रयत्नाचे नाव ‘डू नॉट ट्रॅक’.

२/ आरंभ १९९४ मधला. संकेतस्थळाला तोवर प्रत्येक वाचक दर भेटीत अनोळखीच असे. नेटस्केप कंपनीतील अभियंते लू मॉन्टुली यांनी त्यावर ‘कुकी’ हा उपाय शोधला. कुकी म्हणजे संकेतस्थळाने वाचकाच्याच संगणकावर ठेवलेली छोटी नोंद. खरेदीच्या टोपलीत काय ठेवले होते, हे तिच्यामुळे लक्षात राहू लागले.

३/ परंतु पानावरील जाहिरात बहुधा दुसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवरून येई आणि तिलाही आपली कुकी ठेवता येई. अशा कंपनीच्या जाहिराती हजारो संकेतस्थळांवर असल्या, की एकाच व्यक्तीचा सर्वत्र माग काढणे तिला शक्य होई. फेब्रुवारी १९९७ मध्ये डेव्हिड क्रिस्टॉल आणि मॉन्टुली यांनी लिहिलेल्या आरएफसी २१०९ या दस्तऐवजाने अशा त्रयस्थ कुकींना ब्राउझरने आपणहून वाट देऊ नये, असे सांगितले होते. प्रमुख ब्राउझरांनी ते पाळले नाही.

४/ २००३ मध्ये अमेरिकेत नकोशा विक्री-फोनांविरुद्ध ‘डू नॉट कॉल’ नोंदवही सुरू झाली. भारतातील ‘डीएनडी’ नोंदणी त्याच जातीची. तिच्याच धर्तीवर २००७ मध्ये अनेक ग्राहक व खासगीपणा संघटनांनी फेडरल ट्रेड कमिशनकडे ‘डू नॉट ट्रॅक’ यादी मागितली. फोनला क्रमांक असतो, वाचकाला तसा क्रमांक नसतो. म्हणून या यादीत माणसांऐवजी माग काढणाऱ्या सर्व्हरांची नावे असावीत, अशी त्यांची सूचना होती.

५/ २००९ मध्ये त्याहून सोपा मार्ग पुढे आला. संशोधक क्रिस्टोफर सोगोयन आणि मोझिलाचे सिड स्टॅम यांनी फायरफॉक्ससाठी एक नमुना तयार केला. पान मागवताना ब्राउझरने प्रत्येक वेळी ‘माग काढू नका’ असा संकेत पाठवायचा. त्यासाठी ना नोंदणी लागे, ना ओळख द्यावी लागे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जोनाथन मेयर आणि अरविंद नारायणन यांनी ही कल्पना नेटाने मांडली. डिसेंबर २०१० मध्ये कमिशनच्या अहवालाने तिला पाठबळ दिले आणि मार्च २०११ मध्ये फायरफॉक्स ४ मध्ये ती सोय आली.

६/ हा संकेत काहीही अडवत नसे. दारावर ‘विक्रेत्यांनी बेल वाजवू नये’ अशी पाटी लावावी, तशी ती केवळ विनंती होती. तिचा अर्थ ठरवण्यासाठी सप्टेंबर २०११ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमने कार्यगट नेमला. २३ फेब्रुवारी २०१२ रोजी व्हाइट हाउसने ग्राहकांच्या खासगीपणाच्या हक्कांची सनद मांडली, तेव्हा जाहिरात उद्योगाच्या डिजिटल ॲडव्हर्टायझिंग अलायन्सनेही हा संकेत मानण्याचे वचन दिले.

७/ वाद पेटला तो ‘ट्रॅक’ या एका शब्दावरून. खासगीपणाच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे, संकेत आला की माहिती गोळा करणेच थांबावे. जाहिरातदारांचे म्हणणे, माहिती गोळा होत राहील, फक्त तिच्या आधारे जाहिराती दाखवल्या जाणार नाहीत. पुढच्या सगळ्या बैठका या दरीभोवती फिरत राहिल्या.

८/ त्यातच मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर १० मध्ये हा संकेत मुळातच चालू ठेवण्याचे जाहीर केले. जी निवड वापरकर्त्याने केलीच नाही, ती आम्ही का मानावी, असे जाहिरातदार विचारू लागले. मानकाच्या संपादकांपैकी एक असलेल्या रॉय फील्डिंग यांनी सप्टेंबर २०१२ मध्ये अपाची सर्व्हरसाठी या ब्राउझरचा संकेत दुर्लक्षित करणारा बदल मांडला. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही माघार घेतली.

९/ कार्यगटाचा कारभार सहमतीवर चालत असे. सहमती होईपर्यंत माग काढणे पूर्ववत चालू राहणार होते. त्यामुळे विलंबाची झळ एकाच बाजूला बसत होती. जुलै २०१३ मध्ये मेयर यांनी गट सोडला. सप्टेंबरमध्ये अलायन्सही बाहेर पडली.

१०/ जानेवारी २०१९ मध्ये कार्यगट बंद झाला. संकेत कोट्यवधी ब्राउझर पाठवू शकत होते, पण तो पाळणारे फारच थोडे होते. त्याच वर्षी ॲपलने सफारीतून ही सोय काढली. ज्यांनी हा संकेत चालू ठेवला होता, त्यांना त्याच खुणेवरून वेगळे ओळखता येण्याचा धोका निर्माण झाला होता.

११/ १ जानेवारी २०२० पासून कॅलिफोर्नियात नवा कायदा लागू झाला. आपली माहिती विकू नका, असे सांगण्याचा हक्क त्याने ग्राहकांना दिला. ऑक्टोबर २०२० मध्ये मोझिला, डकडकगो, न्यूयॉर्क टाइम्स आदींच्या सहकार्याने ‘ग्लोबल प्रायव्हसी कंट्रोल’ हा नवा संकेत जाहीर झाला. तांत्रिकदृष्ट्या तो जुन्याचा सख्खा भाऊ, मागणी मात्र मर्यादित : माहिती विकू नका, इतरांना देऊ नका.

१२/ २४ ऑगस्ट २०२२ रोजी कॅलिफोर्नियाच्या ॲटर्नी जनरलनी सेफोरा या प्रसाधन-विक्रेत्या कंपनीशी १२ लाख डॉलरची तडजोड जाहीर केली. हा संकेत न मानणे हा तिच्यावरील आरोपांपैकी एक होता. कित्येक वर्षांच्या चर्चेला जे साधले नाही, ते दोन वर्षांत घडले, कारण या वेळी संकेत नाकारण्याची किंमत कायद्याने ठरवली होती.

१३/ तरीही त्या कार्यगटाचे श्रम वाया गेले, असे म्हणता येत नाही. ब्राउझरने वापरकर्त्याच्या वतीने बोलावे, ही कल्पना त्याच वर्षांत रुजली आणि कायदा आला तेव्हा नवा संकेत तिच्याच पायावर उभा राहिला. सहकार्याने संकेताची भाषा तयार केली होती. ती ऐकण्याचे बंधन मात्र ज्यांचा नफा माग काढण्यातच होता, त्यांनी स्वतःहून स्वीकारले नाही.

(समाप्त)