गुरुजी घडविणारी वाट : प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा इतिहास आणि जैन समाज

जैन धर्मात आहार, औषध, अभय आणि ज्ञान अशी चार प्रकारची दाने सांगितली आहेत. पंचपरमेष्ठींमध्ये उपाध्यायांना चौथे स्थान आहे. स्वतः अध्ययन करणे आणि इतरांना शिकविणे हेच त्यांचे व्रत होय. ज्या परंपरेने शिकविणाऱ्याला नित्याच्या वंदनेत स्थान दिले, त्या परंपरेतील श्रावकांनी ग्रंथ लिहवून घेतले, शास्त्रभांडारे जपली आणि विसाव्या शतकात वसतिगृहे व शाळा उभारल्या. या कार्याचा गौरव वेळोवेळी झालेला आहे. परंतु शाळेत उभा राहणारा शिक्षक कोठून आला, कोणत्या वाटेने आला आणि ती वाट कोणासाठी खुली होती, हा इतिहास फारसा सांगितला जात नाही. न्यासाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने त्याचे स्मरण उचित ठरेल.

पंतोजीपासून प्रशिक्षित शिक्षकापर्यंत

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रातील गावोगावी पंतोजींच्या शाळा होत्या. धुळाक्षरे, मोडी लेखन, उजळणी आणि जमाखर्च एवढाच त्यांचा अभ्यासक्रम असे. पंतोजी होण्यासाठी वेगळे शिक्षण लागते, अशी कल्पनाच त्या काळी रूढ नव्हती. १८५४ च्या वुडच्या खलित्याने शिक्षकांच्या प्रशिक्षणाची गरज स्पष्टपणे मांडली आणि त्यानंतर सरकारी ट्रेनिंग कॉलेजांना चालना मिळाली.

स्त्रियांच्या बाबतीत ही वाट त्याआधीच पडली होती. सावित्रीबाई फुले यांनी अहमदनगर येथे मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिचेल बाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचे शिक्षण घेतले. १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली ती या तयारीच्या बळावर. १८७० साली पुण्यात स्त्रियांसाठी सरकारी ट्रेनिंग कॉलेज निघाले.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन सादर केले. त्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे या मागणीबरोबरच शिक्षकांविषयीची मागणीही तितक्याच आग्रहाने मांडलेली होती. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत, शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, गावकऱ्यांत मिळूनमिसळून राहावेत आणि त्यांना दरमहा किमान १२ रुपये वेतन मिळावे, असे त्यांचे म्हणणे होते. खेड्यातील मुलाला शिकवायचे तर शिक्षकही त्या मातीतला हवा, हा विचार इतक्या स्पष्ट शब्दांत प्रथमच सरकारदरबारी पोहोचला. तो कृतीत उतरण्यास मात्र अर्धशतक जावे लागले, आणि ते कार्य एका जैन कुटुंबात जन्मलेल्या पुरुषाच्या हातून व्हावयाचे होते.

कर्मवीरांचे ट्रेनिंग कॉलेज

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. त्यांचे मूळ गाव सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक. १८९९ साली स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या प्रेरणेने कोल्हापूर, सांगली, बेळगाव, हुबळी येथे जैन विद्यार्थ्यांची वसतिगृहे निघाली. खेड्यातील शेतकरी जैन कुटुंबांतील मुलांना शहरातील हायस्कूलची वाट या वसतिगृहांनीच दाखविली. भाऊरावही कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकले. मात्र तेथील सोवळेओवळ्याच्या नियमांशी त्यांचे पटले नाही आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. समाजाने या प्रसंगाकडे आज निखळपणे पाहावयास हवे. कारण वसतिगृहाने दिलेली शिक्षणाची ओढ आणि तेथील बंधनांविषयीची चीड या दोहोंतूनच पुढे सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका पंक्तीत बसविणारी संस्था जन्माला आली.

स्वतः मॅट्रिकही न झालेल्या भाऊरावांनी ओगले काच कारखान्याचे विक्रेते म्हणून, पुढे किर्लोस्करांच्या व कूपर यांच्या नांगरांच्या कामासाठी गावोगाव प्रवास केला. खेड्यातील अज्ञान त्यांनी पुस्तकातून वाचले नव्हते, ते डोळ्यांनी पाहिले होते. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली साताऱ्यात छत्रपती शाहू बोर्डिंग सुरू झाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी बोर्डिंगातील मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून अंगावरचे दागिने आणि अखेरीस मंगळसूत्रही मोडले. आहारदान व ज्ञानदान यांचा असा संगम क्वचितच पाहावयास मिळतो. १९३० साली लक्ष्मीबाईंचे निधन झाले.

बोर्डिंगातून मुले शिकू लागली, तरी गावोगावी शाळा काढायच्या तर शिक्षक आणायचे कोठून, हा प्रश्न उरलाच होता. १९३५ साली रयत शिक्षण संस्थेची नोंदणी झाली आणि त्याच वर्षी साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले. पुढे त्याला महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले. नावातील ‘रूरल’ हा शब्द महत्त्वाचा होता. त्या काळी इयत्ता सातवीनंतरची व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा उत्तीर्ण झालेला तरुण प्राथमिक शिक्षक होऊ शकत असे. इंग्रजी शिक्षणाचा खर्च ज्यांच्या आवाक्याबाहेर होता अशा शेतकऱ्या-कष्टकऱ्यांच्या मुलांना हाच एक दरवाजा अर्धवट उघडा होता. भाऊरावांनी तो पूर्ण उघडला. स्वावलंबन व श्रम हे संस्थेचे ब्रीदच असल्यामुळे भावी शिक्षकाच्या हातातही पुस्तकाबरोबर कुदळ आली. स्त्रियांसाठी संस्थेने जिजामाता ट्रेनिंग कॉलेज चालविले.

या ट्रेनिंग कॉलेजचे फळ लवकरच दिसले. १९३७ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले आणि जेथे शाळा नाही अशा गावांत संस्थांनी शाळा काढाव्यात या धोरणाला उत्तेजन मिळाले. १९३८ साली साताऱ्याजवळील यवतेश्वर येथे रयतची पहिली व्हॉलंटरी शाळा उघडली. पुढे या शाळांची संख्या ५७८ पर्यंत पोहोचली. देऊळ, धर्मशाळा, कोणाची पडवी, जेथे जागा मिळेल तेथे वर्ग भरत. इमारतीवाचून या शाळा चालल्या. शिक्षकावाचून त्या एक दिवसही चालल्या नसत्या. ट्रेनिंग कॉलेज आधी आणि शाळांचे जाळे नंतर, हा क्रम पुढील पिढ्यांनी ध्यानात ठेवावा असा आहे.

१९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज आणि १९५५ साली आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन सुरू झाले. प्राथमिक शाळा, ट्रेनिंग कॉलेज, हायस्कूल, महाविद्यालय आणि बी. एड. चे शिक्षण अशी शिडी एकाच संस्थेच्या अंगणात उभी राहिली. खेड्यातील मुलगा पहिल्या पायरीवर शिक्षक होऊन कमावू शकत होता आणि पुढच्या पायऱ्याही चढू शकत होता. ९ मे १९५९ रोजी कर्मवीरांचे महानिर्वाण झाले. त्याच वर्षी पद्मभूषण आणि पुणे विद्यापीठाची डी. लिट. हे सन्मान त्यांना मिळाले होते.

श्राविकांचे कार्य

जैन समाजातील विधवा भगिनींच्या जीवनात अध्यापनाच्या वाटेने घडविलेले परिवर्तन हे या इतिहासाचे दुसरे अंग होय. सेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांच्या कन्या मगनबाई यांनी स्वतः वैधव्याचे दुःख सोसून श्राविकाश्रमाचे कार्य उभारले. सोलापुरात ब्र. राजुलमतीबाई आणि पद्मश्री पं. सुमतीबाई शहा यांनी तीच ज्योत तेवत ठेवली. आश्रमात आलेली निराधार भगिनी धर्मशिक्षण व लौकिक शिक्षण घेऊन शिक्षिका म्हणून बाहेर पडे, तेव्हा एका कुटुंबावरील भार नाहीसा होऊन एका गावाला गुरुमाता लाभत असे.

ही वाट किती दूरवर नेऊ शकते याचे उदाहरण अनुताई वाघ यांच्या चरित्रात दिसते. बालपणीच वैधव्य आलेल्या अनुताईंनी व्हर्नाक्युलर फायनलनंतर प्राथमिक शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले, नोकरी सांभाळून मॅट्रिक परीक्षा दिली आणि पुढे पदवीही मिळविली. ताराबाई मोडक यांच्यासह बोर्डी व कोसबाड येथे त्यांनी केलेले बालशिक्षणाचे कार्य सर्वविश्रुत आहे. व्हर्नाक्युलर फायनलनंतर आधी पदवी घ्या आणि मगच मुलांसमोर उभ्या राहा, असे कोणी त्यांना सांगितले असते, तर महाराष्ट्र एका थोर शिक्षिकेला मुकला असता.

विशेष मुलांचे शिक्षक

अंध, कर्णबधिर आणि मतिमंद म्हणून बाजूला सारलेल्या मुलांच्या शिक्षकांचा इतिहास याहून खडतर आहे. मुंबईत कर्णबधिरांची शाळा एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात निघाली. १९०० साली अमेरिकन मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी अंधांसाठी शाळा सुरू केली. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी १९४४ साली जय वकील शाळा उभी राहिली. या शाळांतील अध्यापन बहुतांशी सेवाभावावर चाले आणि शिक्षक अनुभवाने शिकत. १९८३ साली मुंबईत अली यावर जंग राष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि कर्णबधिरांच्या शिक्षकांच्या प्रशिक्षणाला राष्ट्रीय पातळीवरील आधार मिळाला. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने विशेष शिक्षकाची पात्रता व नोंदणी निश्चित केली. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ते २१ झाले. कायद्याने मुलांना शाळेचा दरवाजा उघडून दिला. आत त्यांची भाषा जाणणारा शिक्षक भेटेलच याची हमी मात्र अद्याप सर्वत्र नाही.

आजची वाट

स्वातंत्र्योत्तर काळात प्राथमिक शिक्षकासाठी बारावीनंतरची दोन वर्षांची डी. एड. पदविका रूढ झाली. २००० नंतरच्या दशकात खाजगी अध्यापक विद्यालये भरमसाट वाढली. त्यानंतर शिक्षकभरती थंडावली, वर्ग ओस पडले आणि अनेक विद्यालयांना टाळे लागले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानंतर शिक्षक पात्रता परीक्षाही आवश्यक झाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी. एड. ही शिक्षकाची किमान पात्रता व्हावी असे उद्दिष्ट ठेवले आहे. लहान मुलांच्या शिक्षकाला अधिक शिक्षण मिळावे यात वावगे काहीच नाही. प्रश्न आहे तो दोन वर्षांची वाट चार वर्षांची होते तेव्हा उंबरठ्यावरच थांबणाऱ्या गरीब घरातील मुला-मुलींचा.

अमेरिकेलाही याच प्रश्नाला तोंड द्यावे लागले. तेथील पहिले सरकारी नॉर्मल स्कूल १८३९ साली मॅसॅच्युसेट्समधील लेक्झिंग्टन येथे निघाले. कालांतराने शिक्षक होण्यासाठी चार वर्षांची पदवी आवश्यक ठरली. ज्यांना विद्यापीठाचा खर्च झेपत नव्हता त्यांना घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजांचा आधार मिळाला. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली निघालेले ज्युनियर कॉलेज हा या परंपरेचा आरंभ मानला जातो. अशा कॉलेजात कमी शुल्कात पहिली दोन वर्षे पूर्ण करायची आणि मग विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षात जायचे, अशी ही रीत आहे. मेरीलँड राज्याने तर भावी शिक्षकांसाठी अशा दोन वर्षांच्या पदव्याच आखल्या असून त्यांत प्राथमिक शिक्षण आणि विशेष शिक्षण यांची जोड असलेला अभ्यासक्रमही आहे. विद्यापीठ आणि कॉलेज यांच्यात अभ्यासक्रमाविषयी आधीच करार असल्याने विद्यार्थ्याचे कष्ट वाया जात नाहीत. वाट लांब झाली तरी तिच्या पायऱ्या लहान ठेवता येतात, हे या व्यवस्थेचे सार होय. साताऱ्यात कर्मवीरांनी उभारलेल्या शिडीशी तिचे नाते सहज ध्यानी येईल.

समाजापुढील कार्य

जैन समाज आज व्यापारात, वैद्यकात, अभियांत्रिकीत आणि लेखाक्षेत्रात पुढे आहे. मुलगा सनदी लेखापाल झाला तर घरोघरी पेढे वाटले जातात. मुलीने प्राथमिक शिक्षिका होण्याची इच्छा दर्शविली तर तिला दुसरे काही सुचविले जाते. विशेष शिक्षक होणाऱ्याची तर समाजात दखलही घेतली जात नाही. ज्या घरात विशेष गरजांचे मूल आहे, त्या मातापित्यांना मात्र अशा एका शिक्षकाचे मोल पुरेपूर ठाऊक असते. पाठशाळेत इतर मुलांसमवेत आपले मूल बसावे, एवढीच त्यांची अपेक्षा असते, आणि पुष्कळदा तीही अपुरी राहते.

सार्वजनिक न्यासांना या बाबतीत बरेच काही करता येईल. अध्यापनाचे शिक्षण घेणाऱ्या गरजू विद्यार्थ्यांना, मग ते कोणत्याही जातिधर्माचे असोत, चारही वर्षे पुरेल अशी शिष्यवृत्ती देता येईल. पहिल्या वर्षी दिलेली आणि दुसऱ्या वर्षी बंद पडलेली मदत विद्यार्थ्याला मध्येच उभे करते. वसतिगृहातील काही जागा भावी शिक्षकांसाठी राखता येतील. विशेष शिक्षणाकडे वळणाऱ्या युवक-युवतींचा समाजाच्या व्यासपीठावर सत्कार व्हावा आणि त्यांच्या मार्गदर्शनाने पाठशाळांची दारे प्रत्येक बालकासाठी खुली व्हावीत.

अहिंसेचा अर्थ कोणाही जीवाला दुखवू नये एवढ्यापुरता मर्यादित नाही. शिकण्याची पात्रता असूनही शिकविणारा न मिळाल्याने एखाद्या बालकाचे जीवन कोमेजते, तेव्हा ती उपेक्षाही हिंसेहून फार दूर नसते. पूर्वसूरींनी वसतिगृहे बांधून विद्यार्थी घडविले, कर्मवीरांनी विद्यार्थ्यांतून शिक्षक घडविले. गरिबाच्या दारापासून अध्यापनाच्या पदवीपर्यंत जाणारी वाट पुन्हा रुंद करण्याचे कार्य न्यासांनी आता अंगीकारावे. सुवर्णमहोत्सवी वर्षात धर्माची याहून श्रेष्ठ प्रभावना दुसरी कोणती असणार?