सरपणासाठी जुनी चेन सॉ घेताना काय तपासावे?

शहापूर, मुरबाड भागात भाताची झोडणी उरकली की सरपणाची कामे सुरू होतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये तुकडे पाडून फोडलेले लाकूड अगोटीपर्यंत बऱ्यापैकी वाळते आणि पडवीत रचता येते. कुऱ्हाडीने ओंडके फोडता येतात, पण लांब खोडाचे आडवे तुकडे पाडण्यात दिवस जातात. त्यासाठी मध्यम आकाराची चेन सॉ उपयोगी पडते. वर्षातून दहा-पंधरा दिवसांच्या कामासाठी नवीन यंत्रात पैसे गुंतवणे जड जाते, म्हणून अनेक शेतकरी जुने यंत्र घेतात. अशा खरेदीत सीसीचा आकडा आणि बाहेरचा रंग यांपेक्षा इंजिनाचे कॉम्प्रेशन, साखळीचा ब्रेक आणि सुट्या भागांची उपलब्धता या तीन गोष्टी आधी पाहाव्यात.

किती मोठे यंत्र लागेल?

बांधावरील गिरीपुष्प, सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ यांची सरपणाची खोडे बहुतेक एक फुटाच्या आतली असतात. त्यासाठी 40 ते 55 सीसीचे इंजिन आणि 16 ते 18 इंची बार पुरेसा आहे. त्याहून जाड ओंडका दोन्ही बाजूंनी कापता येतो.

त्याच इंजिनावर 20-22 इंची बार लावलेली यंत्रे बाजारात भरपूर दिसतात. लांब बारमुळे इंजिनावर ताण येतो, हात लवकर भरून येतात आणि टोक नकळत जमिनीला किंवा दुसऱ्या लाकडाला लागते. स्वस्त यंत्रांच्या स्टिकरवरील सीसीचा आकडा प्रत्यक्षापेक्षा मोठाही असू शकतो. त्यामुळे केवळ आकड्यावर किंमत ठरवू नये.

राबासाठी लागणाऱ्या बारीक फांद्यांना कोयता पुरतो. झाडावर चढून चेन सॉ चालवू नये.

सुटे भाग कोठे मिळतील?

स्टिल, हस्कवर्ना यांसारख्या कंपन्यांच्या यंत्रांचे भाग महाग असतात, पण मॉडेल क्रमांक सांगितला की नेमका भाग मागवता येतो. उदाहरणार्थ, स्टिलचे एमएस 250 हे 45.4 सीसीचे मॉडेल सरपणाच्या कामाला योग्य आकाराचे आहे. वेगवेगळ्या नावांनी विकल्या जाणाऱ्या चिनी बनावटीच्या यंत्रांचे भाग स्वस्त असतात, पण त्यांचा दर्जा सारखा नसतो.

सौदा करण्याआधी जवळच्या मेकॅनिकला मॉडेल सांगून कार्बोरेटर, स्टार्टर, क्लच, स्प्रॉकेट आणि साखळी मिळते का, ते विचारावे. प्रत्येक दुरुस्तीला कल्याण किंवा भिवंडी गाठावी लागणार असेल, तर यंत्र स्वस्त असूनही महाग पडते. नामांकित कंपन्यांच्या नकलाही विकल्या जातात. म्हणून यंत्रावरील क्रमांक पाहावा आणि मूळ बिल मागावे. बिल नसल्यास विकणाऱ्याकडून नाव-पत्ता व यंत्राचा क्रमांक लिहिलेली सही केलेली पावती घ्यावी.

तपासणीचा क्रम

1. इंजिन थंड हवे. पोहोचल्यावर सायलेन्सरजवळ हात नेऊन पाहा. गरम असेल तर ते आधीच चालू करून ठेवलेले असू शकते. थंड होईपर्यंत थांबा. थंड यंत्र चोक देऊन काही ओढींत सुरू व्हायला हवे. गरम झाल्यावर बंद करून पुन्हा सुरू करा. गरम असताना सुरू न होणे हे कॉम्प्रेशन किंवा कॉइल कमजोर असल्याचे लक्षण असू शकते.

2. दोरीची परीक्षा. स्विच बंद ठेवून स्टार्टरची मूठ धरा आणि यंत्र हळू उचला. चांगले इंजिन दोरीला अडत, झटके घेत सावकाश खाली येते. सरळ खाली सरकले तर कॉम्प्रेशन कमी आहे. सोप्या स्टार्टची स्प्रिंग किंवा डिकॉम्प्रेशन बटण असलेल्या यंत्रांत ही परीक्षा फसवी ठरते. तेथे मेकॅनिककडून गेज लावून घ्यावे. 150 पीएसआयच्या आसपास चांगले, 120 कामचलाऊ आणि 100 पेक्षा कमी असल्यास सौदा सोडावा.

3. पिस्टन पाहा. सायलेन्सरचे स्क्रू काढून आतील पिस्टनवर बॅटरीचा उजेड पाडा. पिस्टन गुळगुळीत असावा. उभे खोल ओरखडे असतील तर ऑइल कमी टाकून किंवा इंजिन तापवून ते चालवले आहे. असे यंत्र सुटे भाग म्हणूनच घ्यावे.

4. मंद गती. रेस सोडल्यावर इंजिन स्थिर चालावे आणि साखळी थांबलेली असावी. यंत्र डावी-उजवीकडे कलते करून पाहा. आवाज एकदम चढला तर इंजिन कोठून तरी हवा ओढते आहे.

5. साखळीचा ब्रेक. यंत्र जमिनीवर घट्ट धरून क्षणभर रेस द्या आणि पुढची ढाल पुढे ढकला. साखळी तत्काळ थांबली पाहिजे. ब्रेक नसलेले किंवा ढाल मोडलेले यंत्र दुरुस्त होईपर्यंत वापरू नये. बंद करण्याचा स्विचही चालतो का ते पाहा.

6. साखळीचे ऑइल. बारचे टोक कोरड्या फळीपासून वीतभर वर धरून रेस द्या. फळीवर ऑइलची बारीक रेघ उमटायला हवी.

7. बार, स्प्रॉकेट, साखळी. बारच्या दोन्ही कडा सारख्या उंचीच्या असाव्यात. साखळी बारवर एका बाजूला कलत असेल तर खोबण झिजली आहे. स्प्रॉकेटवर अर्ध्या मिलिमीटरपेक्षा खोल खाचा असतील तर तो बदलावा लागेल.

8. प्रत्यक्ष कापणी. अर्धा फूट जाडीच्या लाकडावर दोन-तीन काप घ्या. धार चांगली असेल तर ढलप्या निघतात, भुसा निघाल्यास धार गेलेली आहे. काप एका बाजूला वळत असेल तर दोन्ही बाजूंचे दात असमान आहेत किंवा बार झिजला आहे. हे दुरुस्त होते, पण किमतीत धरावे.

किंमत कशी ठरवावी?

बार, साखळी, स्प्रॉकेट, प्लग, एअर फिल्टर आणि इंधनाची नळी यांपैकी जे बदलावे लागेल त्याचा खर्च मागितलेल्या किमतीत मिळवावा. एकूण रक्कम तशाच नव्या यंत्राच्या निम्म्यापेक्षा वर गेली तर नवीन घेणे किंवा हंगामात भाड्याने आणणे परवडते.

घेतल्यानंतर

- माहितीपुस्तिकेत 25:1 प्रमाण दिले असेल तर एक लिटर पेट्रोलला 40 मिलि टू-टी ऑइल, 50:1 असेल तर 20 मिलि टाकावे. साधे पेट्रोल कधीही भरू नये.
- आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि ते ओलावा शोषते. त्यामुळे हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. पावसाळाभर पेट्रोल राहिले तर कार्बोरेटर खराब होतो.
- 0.325 इंची पिचच्या साखळीला 4.8 मिमी गोल कानस लागते. प्रत्येक दाताला सारखेच घासे द्यावेत.
- माती लागलेले खोड आधी झाडून घ्यावे. मातीत एकदा टोक गेले तरी धार जाते.

सुरक्षितता

बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला तर यंत्र उसळून तोंडाकडे येते. टोकाने कापू नये आणि यंत्र खांद्याच्या वर नेऊ नये. बूट, जाड पँट, चष्मा आणि कानबंद वापरावेत. चप्पल, लुंगी, गळ्यातील उपरणे चालणार नाही. एकट्याने काम करू नये. वाऱ्याने अडकलेले किंवा विजेच्या तारेवर कललेले झाड स्वतः कापू नये. तारेचे काम असेल तर महावितरणला कळवावे.

परवानगी

यंत्र आपले आणि जमीनही आपली असली तरी प्रत्येक झाड तोडता येत नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 च्या अनुसूचीत साग, खैर, ऐन, किंजळ, मोह, हिरडा, आंबा, फणस, जांभूळ, चिंच यांसह काही झाडे आहेत. ती तोडण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. झाड वाळलेले किंवा पडलेले असले तरी हात लावण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्यावे. वनपट्ट्यातील झाडांबाबत आणि लाकूड गावाबाहेर नेण्याच्या परवान्याबाबतही तेथेच चौकशी करावी. राखीव वनात आणि तानसा अभयारण्याच्या हद्दीत चेन सॉ नेऊच नये. वनगुन्ह्यात वापरलेले हत्यार भारतीय वन अधिनियम, 1927 नुसार जप्त होऊ शकते.