नामदेवांची पायरी आणि आषाढीचा सोहळा



आपल्या समाजात असे घर विरळा, की ज्या घराच्या भिंतीवर श्रीनामदेवरायांची तसबीर नाही. आषाढ वद्य त्रयोदशीस आपण दुकाने बंद ठेवतो, कात्री, गज आणि यंत्र यांस विश्रांती देतो व पुण्यतिथीचा उत्सव साजरा करतो. परंतु ज्या पायरीपाशी नामदेवरायांनी देह ठेविला, ती पायरी, तिच्यामागे उभे असलेले मंदिर आणि त्या मंदिराकडे प्रतिवर्षी लोटणारा आषाढीचा महासागर, या तिहींचा परस्परसंबंध काय, याचा विचार आपल्या हातून क्वचितच होतो. तो यथामति मांडावा एवढाच या लेखाचा हेतू होय.

पंढरपूरचे श्रीविठ्ठलमंदिर भीमेच्या तीरी आहे. तेथे भीमा चंद्रकोरीप्रमाणे वळण घेते म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात. मंदिराच्या सोळखांबी मंडपातील तुळईवर शके ११५९ मधील, म्हणजे इ. स. १२३७ मधील, होयसळ राजा सोमेश्वर याच्या वेळचा लेख आहे. त्यात भीमरथीच्या तीरावरील या क्षेत्राचा आणि पुंडरीक मुनींचा उल्लेख येतो. यावरून ज्ञानेश्वर-नामदेवांच्या जन्मापूर्वीच या क्षेत्राची कीर्ती कर्नाटकापर्यंत पोहोचली होती हे निःसंशय ठरते. दुसरा प्रसिद्ध लेख तो चौऱ्यांशीचा. शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ. स. १२७३ ते १२७७, या काळात मंदिरास ज्यांनी दाने दिली त्यांची नोंद या शिळेवर आहे. देवगिरीचा राजा रामचंद्रदेव यादव आणि त्याचा मंत्री हेमाद्री यांची नावे तीत आढळतात. या शिळेस पाठ घासली असता चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी भाविकांची श्रद्धा पुढे रूढ झाली.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. नामदेवरायांचा जन्म शके ११९२, म्हणजे इ. स. १२७० मधला. राजे, मंत्री व धनिक यांची नावे त्या शिळेवर कोरली जात होती, त्या वेळी दामाशेटी आणि गोणाई यांचा हा बाळ तीन ते सात वर्षांचा होता. त्या शिळेवर शिंप्याच्या पोराचे नाव येण्याचे काही कारण नव्हते. परंतु आज चौऱ्यांशीच्या शिळेला पाठ लावणाऱ्यांपैकी किती जणांस त्या दात्यांची नावे ठाऊक असतात? उलट महाद्वारी आलेल्या निरक्षर माणसासही नामदेवाची पायरी कोणती ते सांगावे लागत नाही. दान देऊन जे नाव मिळाले ते दगडावर राहिले. दगडाखाली जाऊन जे मिळाले ते लोकांच्या जिभेवर राहिले.

आषाढ शुद्ध एकादशी ही देवशयनी एकादशी. चैत्री, आषाढी, कार्तिकी व माघी या चार वाऱ्यांत आषाढी सर्वांत मोठी. या दिवसांत देवाचा पलंग काढून ठेवतात. देव निद्रा घेत नाही व अहोरात्र दर्शन देतो. यात्रा सरल्यावर प्रक्षाळपूजा होते, तेव्हा कोठे देवाचा शीण जातो असे मानतात. वारीची चाल ज्ञानदेवांच्याही पूर्वीची होय. तुकोबारायांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी इ. स. १६८५ मध्ये पादुका पालखीत ठेवून वारीस सोहळ्याचे रूप दिले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सातारा जिल्ह्यातील आरफळचे हैबतबाबा यांनी ज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखीस आजची शिस्त लावून दिली. ज्येष्ठ वद्य सप्तमीस देहूहून आणि अष्टमीस आळंदीहून पालख्या निघतात व सर्व संतांच्या पालख्या पंढरपूरच्या अलीकडे वाखरी येथे एकत्र येतात.

आता या सोहळ्यात नामदेवरायांचे स्थान पाहा. इतर संत पंढरीस येतात. नामदेवराय पंढरीतच असतात. म्हणून त्यांची पालखी पाहुण्यासारखी येत नाही, ती यजमान होऊन वाखरीस सामोरी जाते. पुढे कार्तिक वद्यात माउलींच्या समाधिसोहळ्यासाठी पंढरपूरहून नामदेवरायांची पालखी आळंदीस जाते. ज्ञानदेवांची समाधी शके १२१८ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीची आणि नामदेवांची शके १२७२ च्या आषाढ वद्य त्रयोदशीची. मधली चोपन्न वर्षे नामदेवराय एकटे चालले. याच काळात ते उत्तरेत दूरवर गेले. पंजाबातील घुमान येथे त्यांचे स्मारक आहे व त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात समाविष्ट झाली आहेत. एवढा मुलूख हिंडलेला हा पुरुष वयाच्या ऐंशीव्या वर्षी विसाव्यासाठी परत आला तो मंदिराच्या गाभाऱ्याजवळ नव्हे, महाद्वाराच्या पायरीपाशी. येणाऱ्या-जाणाऱ्या संतांची पायधूळ मस्तकी पडावी, ही त्यामागील इच्छा होती असे परंपरा सांगते. हा आदर्श पुढेही टिकला. आळंदीस मंदिराच्या महाद्वारात हैबतबाबांची पायरी आहे, हे आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल.

या पायरीच्या समोरच चोखोबारायांची समाधी आहे. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळून इ. स. १३३८ मध्ये चोखोबांचा अंत झाला. नामदेवराय तेथे गेले, ज्या अस्थींतून विठ्ठलनामाचा ध्वनी आला त्या चोखोबांच्या म्हणून त्यांनी ओळखल्या, आणि त्या पंढरीस आणून महाद्वारासमोर समाधी बांधली, अशी कथा आहे. यानंतर बारा वर्षांनी नामदेवरायांनी स्वतःसाठी जागा निवडली ती चोखोबांपासून काही पावलांवर. हा निव्वळ योगायोग असावा असे माझ्या मनास पटत नाही. ज्या मित्रास आत जाता आले नाही त्याला सोडून आपणही फार आत जाऊ नये, असा भाव त्या निवडीत मला दिसतो. हे माझे मत आहे. इतिहासाचा पुरावा म्हणून मी ते मांडत नाही.

पण पुढचा इतिहास तर पुराव्याचा आहे. चोखोबांच्या ज्ञातिबांधवांना त्यांच्या समाधीपर्यंत येता येई, समोरची पायरी ओलांडता येत नसे. आषाढी यात्रेत लक्षावधी पावले त्या दारातून आत जात आणि काही पावले तेथूनच मागे फिरत. हे शतकानुशतके चालले. शेवटी साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषण आरंभिले. ते १० मे रोजी सुटले आणि मंदिराचे दार हरिजनांस मोकळे झाले. पुढे १९७३ साली पंढरपूर मंदिरांविषयी कायदा झाला, त्यावर दीर्घकाळ न्यायालयीन वाद चालला, आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बडवे व उत्पात मंडळींचे वंशपरंपरागत हक्क संपुष्टात आले. त्याच वर्षी मंदिर समितीने पुजाऱ्यांच्या नेमणुकीसाठी सर्व जातींच्या स्त्रीपुरुषांकडून अर्ज मागविले. नामदेवांच्या समाधीपासून मोजले तर या वाटचालीस साडेसहाशेंहून अधिक वर्षे लागली.

हे वाचून आपण म्हणू, की दोष पंढरीतील सत्ताधाऱ्यांचा होता, आपला त्यात काय संबंध? येथे मला एक घरचीच गोष्ट सांगणे भाग आहे. माझ्या बालपणी आमच्या गावी आपल्या समाजाचे छोटे नामदेव मंदिर होते. पुण्यतिथीस हलगी वाजविण्यास दलित वस्तीतील एक वृद्ध गृहस्थ आपल्या नातवाला घेऊन येत. दिंडी मंदिराशी पोहोचली की आम्ही सर्व आत जात असू आणि ते दोघे पायरीच्या खाली उन्हात बसून राहत. पंगत उठल्यावर त्यांच्या पदरात वरून प्रसाद टाकला जाई. टाकणाऱ्या हातांत माझ्या आजोबांचेही हात होते. आजोबा नित्य हरिपाठ म्हणणारे, पायी वारी करणारे, कोणाच्या कापडातील वीतभर तुकडाही ठेवून न घेणारे होते. ते दुष्ट नव्हते. ज्यांचे नाव ते दिवसातून शंभर वेळा घेत, त्यांनी पायरीच का मागितली, हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता, एवढेच. तो नातू माझ्याच वर्गात होता. शाळेत आम्ही एका बाकावर बसत असू आणि त्या दिवशी मात्र मी वर व तो खाली. मीही काही बोललो नाही.

पुढे मी शिक्षक झालो. एके वर्षी आषाढीच्या सुमारास इयत्ता पाचवीत नामदेवांचा पाठ चालू असता एका मुलाने विचारले, "गुरुजी, नामदेवांना सगळ्यांच्या पायांची धूळ हवी होती ना? मग लोक त्या पायरीवर पाय का देत नाहीत?" प्रश्न रास्त होता. त्या पायरीवर भाविक पाऊल ठेवीत नाहीत, मस्तक टेकून ती ओलांडतात. मी त्यास सांगितले, की नामदेवांनी आपले मागणे मागितले आणि लोकांनी आपला आदर दाखविला. दोन्ही खरे आहे. मुलाचे समाधान झाले. माझे झाले नाही. कारण आदराने उंच चढविलेली वस्तू हळूहळू आपली मालमत्ता होते, आणि मालमत्तेस कुंपण आले, हे मी आमच्याच गावात पाहिले होते.

नामदेवराय आपले कुलभूषण आहेत याचा अभिमान आपण अवश्य बाळगावा. त्यांनी सुईदोऱ्याच्या धंद्यास जी प्रतिष्ठा दिली ती कोणा राजाने दिली नसती. परंतु ज्याने स्वतःसाठी सर्वांच्या पायाखालची जागा मागितली, त्याच्या नावाने आपण कोणापेक्षा उंच बसू शकत नाही. पायरीचा उपयोगच मुळी दुसऱ्याने वर चढावे यासाठी असतो.

यास्तव एक नम्र सूचना करून लेखणी खाली ठेवतो. आषाढी होऊन सुमारे सतरा दिवसांनी आपली वद्य त्रयोदशी येते. तोवर वारकरी परतलेले असतात, पालख्याही परतीच्या वाटेला लागलेल्या असतात आणि पंढरीतली गर्दी ओसरलेली असते. या वर्षीपासून गावोगावच्या आपल्या मंडळींनी पुण्यतिथीच्या महाप्रसादाचे आमंत्रण केवळ ज्ञातिबांधवांपुरते न ठेवता साऱ्या गावास द्यावे, आणि पंगत एकच बसवावी. काही गावी ही प्रथा पडली आहेच. तेथील बंधूंचे अभिनंदन. आमच्या गावी गेल्या वर्षी तशी पंगत बसली. माझा तो वर्गमित्र आता थकला आहे. त्याला मी स्वतः घरी जाऊन बोलावून आणले. मंदिराच्या दारी आल्यावर तो जुन्या सवयीने क्षणभर थांबला. मग आम्ही दोघांनी पायरीला हात लावून नमस्कार केला व बरोबरच आत गेलो. पंगतीत तो माझ्या शेजारी बसला होता. पहिले वाढप त्याच्या पानावर झाले.

श्रीनामदेवरायांच्या चरणी ही अल्प सेवा अर्पण असो.